जुन्या मॅकवर व्हर्च्युअल मेमरी बसवण्याआधी

कनेक्टिक्स कंपनीचं 'व्हर्च्युअल', म्हणजे डिस्कची जागा रॅमसारखी वापरू देणारा प्रोग्रॅम, टाकण्याआधी तुमच्या मॅकमध्ये प्रोसेसर कोणता आहे ते बघा. प्लस किंवा एसई असेल तर नाद सोडा. हवं ते पान (मेमरीचा ठरावीक आकाराचा तुकडा) मेमरीत नसलं की त्यांच्यातल्या ६८००० प्रोसेसरला अर्धवट राहिलेली सूचना नीट पुन्हा सुरू करता येत नाही, आणि ही उणीव कुठलंच सॉफ्टवेअर भरून काढत नाही. मॅक टू मध्ये ६८०२० असतो, पण बोर्डावरची मूळची एएमयू (पत्ते सांभाळणारी साधी) चिप काढून तिथे ६८८५१ ही पानांचा हिशोब ठेवणारी चिप बसवावी लागते. मला विचाराल तर एसई/३० घ्या. त्यातल्या ६८०३० मध्ये ही सोय आतच आहे.

दुसरी भिंत २४-बिट पत्त्यांची, म्हणजे मेमरीतली जागा दाखवणारा आकडा २४ बिटांचाच. फार तर १४ एमबी मिळते, त्यातलीही ८ एमबीच्या वरची न्यूबसच्या (जादा कार्डं बसवायच्या) रिकाम्या स्लॉटांच्या पत्त्यांतून. प्रत्येक कार्ड त्यातली १ एमबी खातं, आणि मॅक टू ला व्हिडिओ कार्ड तर लागतंच.

चार प्रोग्रॅम उघडे ठेवून एकावरच काम करत असाल तर उत्तम चालतं. एकच मोठं चित्र रॅममध्ये मावेना झालं, की डिस्कची घरघर थांबत नाही. रॅम नॅनोसेकंदांत उत्तर देते, डिस्क मिलिसेकंदांत. अशा कामासाठी खरी रॅमच वाढवा.