पब रॉक हा नेमका कोणता संगीतप्रकार आहे आणि तो ऐकायला सुरुवात कुठून करावी?

क्लॅश हा बँड आणि गायक एल्व्हिस कॉस्टेलो यांना ऐकत काळात मागे जाताना तुम्ही पब रॉकपाशी पोहोचलात, पण त्या नावाखाली सुचवलेला एक बँड अमेरिकी कंट्रीच्या वळणाचा निघाला आणि दुसरा कडक ब्लूज वाजवणारा, त्यामुळे हा प्रकार तरी कोणता, असा प्रश्न तुम्ही विचारला आहे. माझे उत्तर असे आहे की पब रॉक हा सुरावटीवरून किंवा ठेक्यावरून ओळखता येणारा प्रकारच नाही. १९७१ ते १९७६ या काळात लंडनच्या पबांमधून वाजवणाऱ्या, एरवी एकमेकांशी फारसे साम्य नसलेल्या बँडना पत्रकारांनी दिलेले ते सामायिक नाव आहे. किलबर्न अँड द हाय रोड्स या बँडच्या गाण्यांत जॅझ आणि म्युझिक हॉल या जुन्या ब्रिटिश रंगमंचीय करमणुकीचा विनोद आहे, तर एस या बँडच्या गाण्यांत सोल या कृष्णवर्णीय अमेरिकी संगीताचा गोडवा.

त्या काळी ब्रिटनमधला रॉक मोठ्या सभागृहांकडे, लांबलचक रचनांकडे आणि ट्रकभर ध्वनिसामग्रीकडे चालला होता. अशा वेळी एग्ज ओव्हर ईझी हा अमेरिकी बँड ध्वनिमुद्रणासाठी लंडनला आला, व्यवस्थापनाच्या भानगडीत तिथेच अडकला आणि १९७१ मध्ये केंटिश टाउनमधल्या टॅली हो या तोवर जॅझसाठी ओळखल्या जाणाऱ्या पबमध्ये वाजवू लागला. त्यांना ऐकायला जे आले, त्यांत ब्रिन्सली श्वार्झ या बँडची मंडळी होती. या मंडळींना प्रसिद्धीचा चांगलाच चटका बसलेला होता: एप्रिल १९७० मध्ये त्यांच्या व्यवस्थापकांनी न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट या सभागृहात त्यांचा कार्यक्रम ठरवून तो पाहायला ब्रिटिश पत्रकारांना विमानाने नेले होते, आणि त्या गाजावाजाचे फळ म्हणून पदरात पडली ती निव्वळ टिंगल. त्यानंतर कोणताही बडेजाव न करता, हाताच्या अंतरावर उभ्या असलेल्या श्रोत्यांसमोर वाजवण्यात त्यांना सुटकेचा मार्ग दिसला असेल, तर त्यात नवल नाही. याच बँडमधला निक लो पुढे या सगळ्या कथेत पानोपानी भेटतो.

मात्र या मंडळींतून एकच बँड ऐकायचा असेल, तर मी डॉ. फीलगुड सांगेन. हे चौघे थेम्सच्या मुखाजवळच्या कॅन्व्ही आयलंडचे, तेलाच्या टाक्यांनी वेढलेल्या गावाचे. गिटारवादक विल्को जॉन्सन न्यूकॅसल विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकलेला, पदवीनंतर खुष्कीच्या मार्गाने भारतात येऊन गेलेला आणि परतल्यावर काही काळ शाळेत शिकवणारा. गिटार वाजवायची नखी तो वापरत नसे. उघड्या बोटांनीच तारांवर असे प्रहार करी की ठेका धरणारी आणि सुरावट वाजवणारी अशा दोन गिटारी एकदम चालू आहेत, असे वाटावे. ही युक्ती त्याने पायरेट्स या जुन्या बँडच्या मिक ग्रीनकडून उचलली होती, पण डोळे वटारून, सरळ रेषेत पुढे-मागे झपाझप सरकत वाजवणे हे खास त्याचे. त्याच्या शेजारी मळकट पांढऱ्या कोटातला गायक ली ब्रिलो घोगऱ्या आवाजात गातो आणि मधूनच माउथ ऑर्गन ओठांना लावतो. जुन्या चित्रफिती मिळतील तर अवश्य पाहा, कारण या दोघांना नुसते ऐकून निम्मीच गंमत कळते.

पंकशी, म्हणजे १९७६ च्या सुमारास ब्रिटनमध्ये उसळलेल्या वेगवान, बंडखोर रॉकशी, असलेला संबंध शोधायला फार लांब जावे लागत नाही. पुढे क्लॅश या पंक बँडचा गायक झालेला जो स्ट्रमर त्याआधी वन-ओ-वनर्स या पब रॉक बँडमध्ये गात होता आणि एप्रिल १९७६ मध्ये लंडनच्या नॅशव्हिल रूम्समध्ये त्यांच्याआधी वाजवायला उभे राहिले ते सेक्स पिस्टल्स हे पंकवाले. त्याच वर्षी डेव्ह रॉबिन्सन आणि जेक रिव्हिएरा यांनी स्टिफ रेकॉर्ड्स ही ध्वनिमुद्रिका कंपनी काढली, तीही ब्रिलोने उसने दिलेल्या ४०० पौंडांच्या आधारावर. या कंपनीची पहिली तबकडी निक लोची होती. पंकची पहिली ब्रिटिश सिंगल मानली जाणारी डॅम्ड या बँडची ‘न्यू रोज’ आणि कॉस्टेलोचा १९७७ मधला पहिला अल्बम ही दोन्ही निर्मितीही त्याचीच. तरीही पब रॉकला केवळ पंकची पूर्वतयारी म्हणून ऐकणे मला अन्यायाचे वाटते. ब्रिन्सली श्वार्झची गाणी पंकच्या खुणा शोधत ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही आणि ऐन मजेची गाणी मात्र निसटून जातात.

आता सुरुवातीबद्दल. डॉ. फीलगुडचा ‘स्टुपिडिटी’ हा अल्बम आधी घ्या. १९७६ मध्ये तो ब्रिटनच्या अल्बम-विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला होता. तो प्रत्यक्ष कार्यक्रमांचे ध्वनिमुद्रण असला, तरी ते पबमधले नाही, शेफील्ड आणि साउथएंड इथल्या मोठ्या सभागृहांतले आहे, हा या चळवळीतला एक गमतीचा विरोधाभास. खऱ्या पबमधला आवाज हवा असेल, तर इझलिंग्टनच्या होप अँड अँकर पबच्या तळघरात १९७७ च्या अखेरीस झालेल्या महोत्सवाचा दुहेरी अल्बम मिळवा; त्यात विल्को जॉन्सनबरोबर स्ट्रँगलर्स आणि तेव्हा नवखे असलेले डायर स्ट्रेट्स हे बँडही सापडतात. मग फीलगुडच्याच ‘डाउन बाय द जेटी’कडे वळा. १९७५ साली, सगळीकडे स्टिरिओ रूढ झालेले असताना हा अल्बम मोनोमध्ये निघाला होता. नंतरच्या एका आवृत्तीत त्याचे स्टिरिओ रूपही दिलेले आहे, पण पहिल्यांदा ऐकताना मोनोच लावा, आणि शक्य असेल तर हेडफोन बाजूला ठेवून स्पीकरवर, शेजाऱ्यांना चालेल तितक्या मोठ्या आवाजात.