नाना, इतकी घाई कशाची?

"ताई, पोरांच्या नावावर करून टाकलं की मी सुटलो. बरोबर ना?"

माझ्याकडे समुपदेशनाला येणारे बरेच वयस्कर शेतकरी फिरून फिरून हेच विचारतात. जमीन हयातीत वाटून द्यावी, की आपल्यामागं त्यांचं ते बघतील म्हणून सोडावी? दिली तर पोरं पुढं विचारतील का? नाही दिली तर भाऊ भाऊ कोर्टाची पायरी चढतील का? एका ओळीत उत्तर देता येत नाही, म्हणून एका घराची हकीकत सांगते. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

नाना निफाड तालुक्यातले, वय ७१. खुर्चीत नाना बसले, त्यांच्या पत्नी जिजी दाराजवळच्या बाकावर टेकल्या. पिशवी जिजींच्या मांडीवर होती. पिशवीत आणखी एक पिशवी आणि तिच्यात जमिनीचे कागद: सातबारा, आठ-अ, पिवळे पडलेले फेरफार, म्हणजे नावं बदलल्याच्या नोंदी. सगळ्यात वर बक्षीसपत्राचा, म्हणजे मोबदला न घेता जमीन देऊन टाकण्याच्या कागदाचा, टाइप केलेला मसुदा: सात एकर, दोन मुलं, सरळ निम्मं निम्मं. मुलाच्या नावे शेतजमिनीचं बक्षीसपत्र २०० रुपयांच्या मुद्रांकात होतं, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. ते खरंच आहे. पण एकदा बक्षीसपत्र नोंदवलं की जमीन त्याच दिवशी हातची गेली. पुढं मन बदललं म्हणून कागद फिरत नाही.

घाईचं कारण विचारलं, तर शेजारच्या मळ्यातलं उदाहरण आलं. बाप काही न लिहिता गेला, चार भावांचा दावा चालू आहे, जमीन पडीक.

"आणि ज्यांनी लिहून दिलं, त्यांचं कसं चाललंय?"

नाना गप्प. जिजींनी पहिल्यांदा मान वर केली. "आमच्याच गल्लीत आहेत की. आई थोरल्याकडं, बाप धाकट्याकडं. पहिली तारीख आली की बिऱ्हाड बदलतात."

मग मी सहज विचारलं, "यंदा बाग कितीनं गेली?"

द्राक्षवाल्या माणसाला हा प्रश्न विचारला की तो खुलतो. भाव, व्यापारी, पाऊस, सगळं सांगत सुटतो. नाना टोपी काढून तिची घडी मोडायला लागले. "थोरल्यानं केला सौदा. मला बांधावरच्या माणसाकडनं कळलं."

बऱ्याच वेळानं म्हणाले, "आज ना उद्या तो मागणारच. त्यानं मागायच्या आत दिली, तर मी दिली असं तरी होईल."

पहिल्या दिवसापासून बोलणं कोर्टाच्या भीतीचं चाललं होतं. खरं दुखणं हे होतं. कारभार हातातून आधीच गेला होता, कागद तेवढा उरला होता, आणि तो स्वतःच्या हातानं देण्यात निदान मान होता. अशा अवस्थेतल्या माणसाला कायदा सांगून उपयोग नसतो. पुढच्या दोन बैठकांत आम्ही ती पिशवी उघडलीच नाही. रोजच्या जगण्यात तुमच्या हातात काय राहायला हवं, एवढंच बोललो. नाना म्हणाले, विहिरीवरची मोटार. गावच्या कर्ज देणाऱ्या सहकारी सोसायटीच्या सभेला मीच जाणार. मग जरा थांबून, "औषधाला पैसे सुनेकडं मागायला लागू नयेत."

तेव्हा कुठं पिशवी उघडली आणि कागद एका वकील मैत्रिणीला दाखवले. मी समुपदेशक, कायद्याच्या प्रांतात शिरत नाही, पण तिनं सांगितलेलं इथं सांगायला हवं, कारण नानांचा अख्खा मसुदा त्यातच कोसळला. सातपैकी साडेचार एकर आज्यापासून चालत आलेली, एकत्र कुटुंबाची. अडीच एकर नानांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेली. अडीच एकरांचं काय करायचं ते नानांनी ठरवावं. साडेचार एकरांत मात्र त्यांच्या एकट्याच्या शब्दावर काही होत नाही. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीचाही त्यात जन्मानं हक्क आहे, आणि सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये तो पक्का केलाय. शिवाय बाप आणि मुलांत वाटणी झाली, तर आईलाही मुलाइतकाच वाटा लागतो, हे तर कुणाच्या गावीही नसतं. साडेचार एकर म्हणजे १८० गुंठे, पाच वाटे: नाना, जिजी, दोघं मुलं, मुलगी. प्रत्येकी ३६ गुंठे.

"हिला पण?" नाना जिजींकडं बघून म्हणाले. रागावून नाही हो, नवल वाटून. नव्वदीच्या सुरुवातीला शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली होती, बायकोच्या नावावर जमीन करा म्हणून. नाना तेव्हा संघटनेचा बिल्ला लावून सभांना जायचे. घरी येऊन बिल्ला खुंटीला टांगला, असं जिजींनीच हसत सांगितलं.

आता माझी चूक. मुलगी सिन्नरला दिलेली, घर बरं, जावई नोकरीत. मी मनात धरून चालले होते की ती हक्कसोड करून देईल, म्हणजे आपला वाटा भावांना सोडून देईल. हक्कसोडीचा कागद किती सोपा असतो, हेही नानांना मीच सांगून बसले होते. बऱ्याच बहिणी तसं करतात. भाऊबीज तुटू नये म्हणून करतात आणि आम्ही त्याला समजूतदारपणा म्हणतो.

सगळे एकत्र बसले तेव्हा मुलगी म्हणाली, "मला माझा वाटा पाहिजे."

थोरली सून उठून आत गेली. धाकटा पुण्याहून आलेला, तो मोबाईल बघायला लागला. थोरला म्हणाला, "बाग मी उभी केली. तारा, अँगल, ठिबक, सगळं कर्ज माझ्या डोक्यावर." तेही खोटं नव्हतं. सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा होता आणि हप्ते तोच भरत होता. मुलगी शांतपणे म्हणाली, "कर्ज बागेवर आहे, बाग तुझ्याकडं ठेव. मला नाल्याकडची जिराईत दे. पण माझ्या नावावर दे."

त्या दिवशी काही ठरलं नाही. पुढचे चार महिने जड गेले. रक्षाबंधनाला ती आलीच नाही. आपण हे उकरून काढलं नसतं तर बरं झालं असतं, असं मला त्या काळात दोनदा वाटलं. तरी नानांना एक सांगत राहिले: गप्प बसून मिळालेली सही आणि मनातून मिळालेली सही कागदावर सारखी दिसते, घरात सारखी वागत नाही.

सुटका झाली ती जिजींमुळं. त्यांनी थोरल्याला बोलावून सांगितलं, "माझे ३६ गुंठे बागेतच धर, कसायला तुझ्याकडं. पण पोरीला नाही म्हणालास, तर माझा वाटा मी तिलाच देईन." इतक्या वर्षांत त्यांनी घरात टाकलेला हा पहिला डाव असावा.

शेवटी संमतीनं वाटणी झाली. जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांपुढं अर्ज, मग मोजणी, मग फेरफार. धाकट्यानं स्वतःचा वाटा थोरल्याला खंडानं, म्हणजे ठरलेल्या मोबदल्यावर कसायला, लावून दिला, मुलीनंही तेच केलं. खंडाचा आकडा तोंडी न ठेवता लिहून घेतला. विहीर सामाईक राहिली. अडीच एकर नानांच्याच नावावर. त्याचं त्यांनी मृत्युपत्र केलं: आपल्यामागं जिजी असेपर्यंत त्यांच्याकडं, नंतर तिघा मुलांत. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणीचीही सक्ती नाही. दोन साक्षीदार लागतात, आणि ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये. वाद नको म्हणून नोंदणी केली, डॉक्टरांचा दाखलाही जोडला. बक्षीसपत्राशी तुलना करून वकिलीणबाईंनी जे सांगितलं, ते ऐकून नाना पहिल्यांदा मोकळे हसले: मृत्युपत्र कितीदाही बदलता येतं, शेवटचं तेवढं खरं.

कुणाला हयातीत बक्षीसपत्रच करायचं असेल, तर त्यात "आमचा सांभाळ करण्याच्या अटीवर" हे शब्द लिहून घ्या. मग सांभाळ झाला नाही, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली ते रद्द करून मागता येतं. अट तोंडी असेल तर ती सिद्ध करताना दमछाक होते.

मागच्या महिन्यात नानांचा फोन आला. मी जरा धास्तावूनच उचलला.

"ताई, आता लाईटीवरनं जुंपलीय. खंडात विहिरीचं पाणी धरलंय का नाही, आणि या आठवड्यात दिवसाची लाईट आहे तर पाणी आधी कुणाला. तिघंही माझ्याकडं आलेत निवाड्याला."

"मग काय ठरवलंत?"

"ठरवीन की. घाई कशाची?"