क्लार्क आणि कुलकर्णी

प्रिय ईरा,

जेवताना तुझ्या प्रश्नाचं उत्तर अर्धवटच राहिलं. तुला आता मराठी वाचता येतंय, म्हणून हे सावकाश लिहून देते. वर्गातल्या क्लार्कचं आडनाव ‘लिहिणारा’ यावरून पडलं असं तुझ्या मिसनी सांगितलं. बाबा म्हणाला, कुलकर्णीही लिहिणारेच. त्यावर तू विचारलंस, मग मराठी आडनावंही इंग्रजांसारखी कामावरून पडली का? आणि तसं असेल तर आपल्या घरात ते काम कुणीच कसं करत नाही?

आधी क्लार्क. हा शब्द मुळात चर्चचा. लॅटिनमध्ये ‘क्लेरिकस’ म्हणजे चर्चची दीक्षा घेतलेला माणूस. जुन्या इंग्लंडात लिहिता-वाचता येणारे बहुतेक सगळे चर्चशी बांधलेले असत, त्यामुळे हळूहळू जो लिहितो तो क्लार्क असंच झालं. जमीनदाराचा हिशेब ठेवणारा क्लार्क, दरबारात कागद करणारा क्लार्क, ऑक्सफर्डला शिकणारा पोरगाही क्लार्कच. तू लगेच म्हणशील, पाद्री तर लग्न करत नव्हते, मग त्यांचं आडनाव पुढे चाललं कसं? लग्नाची बंदी वरच्या पायरीच्या पाद्र्यांना होती. खालच्या पायरीवरचे संसार करू शकत, आणि पोरंबाळं असायची ती त्यांची.

१०६६ साली फ्रान्सकडून आलेल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. आडनावं पक्की व्हायला त्यानंतरची तीनेकशे वर्षं गेली. एका गावात चार जॉन असले की नेमका कोणता जॉन, हे कर गोळा करणाऱ्याला लिहावंच लागे. १३७७, १३७९ आणि १३८१ साली इंग्लंडात डोईपट्टी बसवली गेली. त्या याद्यांमध्ये कितीतरी नावांपुढे कामं लिहिलेली आहेत: कुणी लोहार, कुणी शिंपी, कुणी क्लार्क. याद्या करणारेही क्लार्कच, बरं का.

स्पेलिंगमध्ये ‘ई’ आणि उच्चारात ‘आ’ हा घोळही तेव्हाचाच. लोक तोंडाने ‘क्लार्क’ म्हणत आणि आडनाव तसंच कानावर ऐकून लिहिलं गेलं. कामाचं नाव मात्र जुन्या स्पेलिंगने, clerk असंच, राहिलं. अमेरिकेत आता ते ‘क्लर्क’ म्हणतात. आपण इंग्रजांकडून शिकलो, म्हणून तुझे आबा आयुष्यभर बँकेत ‘क्लार्क’ होते. शेवटी जास्तीचा ‘ई’ लावायचा की नाही, याला काही नियम नव्हता. स्कॉटलंडमध्ये बिनशेपटीचे क्लार्क जास्त, इंग्लंड-आयर्लंडमध्ये शेपटीवाले भरपूर.

लिहिता-वाचता येण्याला तेव्हा किती किंमत होती ते ऐक. पाद्र्यांवर राजाच्या कोर्टात खटला चालवून त्यांना फाशी देता येत नसे, त्यांचा न्याय चर्च करी. पण समोरचा खरंच पाद्री आहे हे ओळखायचं कसं? तर त्याच्या हातात बायबल द्यायचं आणि वाचायला सांगायचं. बहुतेक वेळा ५१ व्या स्तोत्राची पहिली ओळ, ‘देवा, माझ्यावर दया कर’ अशा अर्थाची. ती वाचली की फास टळला. लोक तिला मानेची ओळ म्हणत, कारण मान वाचे ती तिच्यामुळे! मग काय, चोरदरोडेखोरही ती पाठ करून यायला लागले. १४८९ साली कायदा झाला की पाद्री नसलेल्याला ही सवलत एकदाच, आणि ती घेतल्याची खूण म्हणून अंगठ्यावर तापल्या लोखंडाचा डाग. शेक्सपिअरच्या काळातला नाटककार बेन जॉन्सन याने १५९८ मध्ये द्वंद्वात एका नटाला मारलं आणि तो असाच वाचून वाचला. ही सवलत पूर्ण रद्द व्हायला १८२७ साल उजाडलं.

आज इंग्लंडात सर्वांत जास्त आढळणाऱ्या पन्नास आडनावांत क्लार्क दोन्ही स्पेलिंगांनी आहे. पण सगळ्यांचे पूर्वज इंग्रज कारकून होते असं मात्र समजू नकोस. आयर्लंडमध्ये ‘ओ क्लेरी’ नावाची फार जुनी घराणी होती, इंग्रजी अमलात त्यातल्या अनेकांचं क्लार्क झालं. आणि तुझ्या वर्गातल्या क्लार्कचे आजोबा जमैकाहून आलेत ना? तिकडे हे आडनाव खूप आहे, आणि त्यामागे बहुतेकदा गुलामगिरी आहे. मळ्याच्या मालकाचं किंवा बाप्तिस्म्याच्या वेळी दिलेलं आडनाव माणसांना चिकटलं. तेव्हा ‘तुझे पणजोबा लेखनिक होते’ असं त्याला ठोकून देऊ नकोस. त्याच्या घरचे काय सांगतात ते विचार.

आपल्याकडेही एक बडे क्लार्क येऊन गेले. सर जॉर्ज सिडनहॅम क्लार्क, १९०७ ते १९१३ मुंबईचे गव्हर्नर. १९०८ मध्ये टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला, सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना मंडालेला नेलं, ते यांच्याच कारकिर्दीत. चर्चगेटला आत्या ज्या सिडनहॅम कॉलेजात शिकली, ते १९१३ साली निघालं आणि त्याला यांचंच नाव आहे.

आता आपण. आपलंही आडनाव कामावरूनच. गावचा कारभार पाटील बघे आणि त्याचं सगळं लिखाण कुलकर्णी करी: जमीन कुणाची, पीक किती, सारा किती भरला, बाकी किती. काकाकडे माळ्यावर लाल रुमालात बांधलेले मोडीतले कागद आहेत. आधी एक आडवी रेघ, मग तिला लोंबकळणारी अक्षरं, बोरू उचलायचाच नाही अशी एकातून एक निघालेली. आपल्या घरात आता ती कुणालाच वाचता येत नाहीत.

पण इंग्रजांच्यात आणि आपल्यात मोठा फरक आहे. क्लार्कचा मुलगा बेकरी टाकायला मोकळा होता, नाव राहिलं आणि काम सुटलं. कुलकर्णीपण हे वतन होतं. बापामागे मुलगा, सोबत इनाम जमीन आणि गावाकडून ठरलेले हक्क. लिहिण्याची किल्ली पिढ्यान्‌पिढ्या एकाच घरात, तीही बहुतेक गावांत ब्राह्मणाच्या. शेतकऱ्याला अक्षर वाचता येत नसे, त्यामुळे कुलकर्णी लिहील ते खरं. आपल्या आडनावाच्या लोकांनी याचा गैरफायदा घेतला, भरपूर घेतला. जोतीराव फुल्यांनी त्यावर सडकून लिहिलंय, आणि ते वाचताना आपण कान पाडून बसायचं, वाद घालायचा नाही. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कोल्हापूर संस्थानात ही वतनं काढून पगारी तलाठी नेमले. मुंबई राज्यात परगणा आणि कुलकर्णी वतनं रद्द करणारा कायदा १९५० साली झाला. म्हणून बाबा गावचा हिशेब न लिहिता लोकांचे गुडघे बघतो.

सगळी मराठी आडनावं अशी नसतात हं. वाईकर, नगरकर ही गावावरून आलेली. काही आडनावं तर प्राण्यापक्ष्यांची आहेत, त्यावर पुन्हा कधीतरी.

आणि झोपताना हळूच विचारलंस ते: मोठी झाल्यावर तुला आडनाव बदलावं लागेल का? नाही. इथे कायद्याने सक्ती नाही, भारतातही नाही. मी बदललं कारण तेव्हा आमच्याकडे सगळ्याच बदलत होत्या. तुझ्या मामीने नाही बदललं आणि कुणाचं काही अडलं नाही. माहेरची मी देशपांडे. तेही हिशेबवालेच, फक्त एका गावाऐवजी अख्ख्या परगण्याचे. म्हणजे हुद्द्याच्या दृष्टीने बघितलं तर लग्नात माझी एक पायरी घसरलीच, हे बाबाला वाचून दाखव.

तुझी,
आई