स्वप्नात आपल्या हातून कुणाला इजा झाली, म्हणजे मनात तसंच काही दडलेलं असतं का?

तुम्ही लिहिलंय की स्वप्नात तुमच्या हातून सख्ख्या भावाला इजा होते, दचकून जाग येते आणि मग दिवसभर वाटत राहतं, आपल्या मनात हेच आहे की काय. नाही. स्वप्नात घडलेल्या कृत्यावरून माणसाची नियत ठरत नाही. मलाही बरीच वर्षं अशी स्वप्नं पडायची, त्यामुळे ही शंका किती पोखरते ते मी जाणतो.

दडपलेली इच्छा स्वप्नातून वर येते, हे मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याने १९०० साली मांडलं आणि ते लोकांच्या डोक्यात घट्ट बसलं. पण युद्धावरून परतलेल्या सैनिकांना पुन्हा पुन्हा पडणारी दुःस्वप्नं त्यालाही त्या चौकटीत बसवता आली नाहीत. १९२० साली त्याने तसं मान्यही केलं. हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

झोपेच्या एका टप्प्यात बंद पापण्यांआड डोळे भराभर हलतात. बहुतेक ठसठशीत स्वप्नं तेव्हाच पडतात. त्या वेळी मेंदूतला भीतीशी जोडलेला अमिग्डाला जोरात काम करत असतो आणि सारासार विचार करणारा कपाळामागचा भाग मंदावलेला असतो. पहाटेकडे हा टप्पा लांबत जातो, म्हणून दुःस्वप्नं बहुधा उत्तररात्री पडतात. अशा मेंदूने रचलेल्या प्रसंगाला कबुलीजबाब समजू नका. मला वाटतं, भाऊ तुम्हाला जिवापाड प्रिय आहे म्हणूनच त्या भीतीने त्याचा चेहरा घेतला असेल.

मग दुःस्वप्नं आपल्याबद्दल काहीच सांगत नाहीत का? थोडं सांगतात. अर्नेस्ट हार्टमन या मानसोपचारतज्ज्ञाला वारंवार दुःस्वप्नं पडणाऱ्यांत हळवी, कलेकडे ओढा असलेली, दुसऱ्याचं दुःख चटकन लावून घेणारी माणसं बरीच आढळली. शिवाय ताण, झोपमोड, रक्तदाबाची काही औषधं, काही नैराश्यविरोधी गोळ्या, अचानक सोडलेली दारू यांनीही ती वाढतात. नवीन औषध सुरू झालं असेल तर डॉक्टरांना जरूर विचारा, पण परस्पर बंद करू नका.

तेच स्वप्न परत परत पडत असेल तर दिवसाउजेडी ते कागदावर लिहा, त्यातला प्रसंग मनाजोगता बदला आणि बदललेलं स्वप्न रोज दहा-पंधरा मिनिटं डोळ्यांसमोर आणा. लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रियांवरच्या, २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या पद्धतीने दुःस्वप्नं कमी झाली होती. मलाही तिचाच उपयोग झाला. स्वप्नामागे खरा आघात असेल तर मात्र हे एकट्याने करू नका, समुपदेशकाला सोबत घ्या.

एक गोष्ट तुमच्या प्रश्नातून कळली नाही: झोपेत तुमचे हातपाय खरोखर चालतात का? डोळे भराभर हलण्याच्या त्या टप्प्यात स्नायू एरवी सैल पडलेले असतात. शेजारी झोपणाऱ्याला लाथ-बुक्का बसत असेल, विशेषतः वय पन्नाशीच्या पुढे असेल, तर मेंदूविकारतज्ज्ञांना लवकर दाखवा.