लिपिक म्हणून नवीन आहात? आधी जुनं कपाट उघडा

भाऊ, रुजू झाल्या झाल्या नवी रजिस्टरं आखत बसू नका. शाळेकडे कागद मागतं कोण, ते आधी लिहून काढा: पालक, शिक्षणाधिकारी कार्यालय, लेखापरीक्षक, जात पडताळणी समिती. काय ठेवायचं ते त्यातूनच कळतं.

सुरुवातीला एवढंच:
- जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची नोंदवही. हे कायमचं. जळगाव-धुळ्याकडे आजोबांच्या जातीची नोंद शोधत नातू इथेच येतो. नाव, जात, जन्मतारखेवर व्हाइटनर चालत नाही. दुरुस्ती रीतसर मंजुरीनंतरच.
- सेवापुस्तकं (कर्मचाऱ्यांच्या नोकरीच्या नोंदी), कीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही), पोषण आहाराची साठा नोंदवही.

यू-डायसवर, म्हणजे शाळांच्या माहितीच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीवर, भरलं म्हणजे काम झालं, असं समजू नका. नंदुरबारकडची ऊसतोडीला जाणारी मुलं वर्षाच्या मध्येच येतात-जातात. नोंद त्याच दिवशी घ्या. कोणता कागद किती वर्षं ठेवायचा ते सावकाश बघू, तोवर काहीही फाडू नका.