'जायचो' नको, 'गेलो' लिहा

पत्र : मी ५४ वर्षांची, मुलुंडला राहते. बालपण लालबागच्या चाळीत गेलं, बाबा गिरणीत होते. संप सुरू झाला तेव्हा मी पाचवीत होते. ती चाळ आता नाही, तिथे टॉवर उभा आहे. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. दिवाळीत सगळे जमतो तेव्हा भावाला एकेक प्रसंग आठवतो. मला मात्र 'बाबा रविवारी फिरायला न्यायचे, खाऊ आणायचे, आम्ही गॅलरीत झोपायचो' एवढंच. भाऊ सांगतो आणि मी मान डोलावते. ही विस्मरणाच्या आजाराची सुरुवात असेल का? आठवणी परत आणण्याचा काही व्यायाम असतो का?

ताई, आधी भीतीचं बघू. अल्झायमरमध्ये बहुधा ताजं आधी निसटतं. सकाळी कोण येऊन गेलं, गोळी घेतली का, हे आठवत नाही, तोच प्रश्न पुन्हा विचारला जातो. जुनं त्यामानाने जास्त टिकतं. तुमची तक्रार याच्या उलट आहे. तरी ताज्या गोष्टीही निसटत असतील तर फॅमिली डॉक्टरांना दाखवा. बी-१२ आणि थायरॉइड या साध्या रक्ताच्या तपासण्या आहेत आणि तिथे काही निघालं तर उपचार होतो.

आता तुमचंच पत्र पुन्हा वाचा. न्यायचे, आणायचे, झोपायचो. सगळी क्रियापदं रीती भूतकाळातली. सारखे सारखे रविवार मेंदूने एकावर एक रचून त्यांचा एकच 'नेहमीचा रविवार' करून ठेवलाय आणि हात घातला की तोच वर येतो. तुम्हाला हवाय तो एक दिवस, ज्यात कोणी 'गेलं', 'पडलं', 'रडलं'. 'यचे'वरून 'ले'वर यायचं, सगळा व्यायाम एवढ्यासाठी आहे.

आठवड्यातून चार दिवस, वीस-वीस मिनिटं. एक वही घ्या, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. पहिले तीन दिवस लिहू नका, चाळीतल्या खोलीचा नकाशा काढा. दार, मोरी, पिंप, स्टो, माळा, देव्हारा, कोणाचं अंथरूण कुठे. मग डोळे मिटून दारातून आत या. पायाखालची फरशी कशी आहे, उजेड कुठून येतोय, शेजारून कोणाचा आवाज येतोय? आधी जागा मनात उभी करायची आणि मग बोलायचं, ही पद्धत गायझेलमन आणि फिशर या मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात पोलिसांपुढच्या साक्षीदारांसाठी बांधली. घाई करू नका. एखाद्या कोपऱ्यात मन अडेल, पिंपाच्या झाकणापाशी म्हणा, तर तिथेच थांबा.

चौथ्या दिवसापासून चिठ्ठ्या. ३० कागदांवर साधे शब्द लिहा : छत्री, रेशन, ताप, चप्पल, नळ, डबा, कुलूप, मार. 'बाबा' मात्र लिहू नका. त्या शब्दाखाली इतके दिवस आहेत की नेमका एकही हाती लागत नाही, आणि त्याच्याबरोबर दुःख आधी येतं. 'डबा'मधून बाबा आपोआप येतील. रोज एकच चिठ्ठी उचला, दोन मिनिटं गप्प बसा, मग 'त्या दिवशी' या शब्दांनी वाक्य सुरू करा. तरी 'आम्ही दर रविवारी'च आलं तर स्वतःला विचारा, कुठला रविवार बिघडला? पाऊस कधी कोसळला, गाडी कधी चुकली, खाऊ आणायचा कधी राहिला? जे नेहमीसारखं झालं नाही, ते वेगळं टिकतं.

प्रश्नांचा क्रम ठेवा : काय, कोण, कुठे, आणि कधी सगळ्यात शेवटी. डच मानसशास्त्रज्ञ विलेम वागेनार यांनी सहा वर्षं स्वतःच्या आयुष्यातल्या घटना टिपून त्यावर स्वतःचीच परीक्षा घेतली. १९८६ मध्ये त्यांनी मांडलं की 'काय घडलं' हा धागा सर्वांत जास्त आठवून देतो, नुसतं 'कधी' जवळजवळ काहीच देत नाही. म्हणून तारीख आठवत बसू नका, प्रसंग एखाद्या मोठ्या घटनेच्या खुंटीला बांधा. गिरणी संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला. तर तुम्हाला आठवलेल्या प्रसंगाच्या वेळी गिरणीचा भोंगा वाजत होता, की बंद पडला होता?

एकदा लालबागला जाऊनही या. चाळ नसली तरी मसाल्याची दुकानं आहेत. वासाने जागणाऱ्या आठवणी बऱ्याचदा वयाच्या पहिल्या दहा वर्षांतल्या असतात. पण नाकाला वासाची सवय पटकन होते, तेव्हा मिनिटभर उभ्या राहा आणि लगेच बाजूला होऊन लिहा.

सगळ्यात जास्त चुकतं ते इथे : थोडं अडलं की माणूस भावाला फोन लावतो किंवा अल्बम उघडतो. मग आपलं कुठलं आणि ऐकलेलं कुठलं हे कळेनासं होतं. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांच्या १९९५ च्या प्रयोगात, लहानपणी दुकानांच्या गर्दीत हरवल्याची न घडलेली गोष्ट घरच्यांच्या नावाने सांगितल्यावर २४ पैकी ६ जणांना ती थोडी किंवा पूर्ण 'आठवली'. म्हणून स्वतःचं निळ्या शाईत, दुसऱ्याकडून किंवा फोटोतून आलेलं हिरव्या, आणि 'असं असावं' वाटतं ते पेन्सिलीने. पहिली नोंद कधीही खोडू नका. दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने तोच प्रसंग वही न उघडता सांगा आणि ताडून बघा. नुसतं वाचण्यापेक्षा आठवायला जे कष्ट पडतात, त्यांनीच आठवण पक्की होते. वयाच्या तीन वर्षांच्या आधीचं शोधू नका, ते बहुतेक कोणालाच आठवत नाही.

आणखी एक. नैराश्यातही आठवणी अशाच सरसकट होतात. झोप, भूक, कशात मन लागणं हे दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेलं असेल, तर वही थांबवा आणि आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.

दिवाळीला भावाकडे जाल तेव्हा वही बरोबर न्या. 'तुला आठवतं का, बाबा तेव्हा चिडले होते?' असं विचारू नका, त्यात उत्तर आधीच सांगून होतं. 'त्या पिंपाबद्दल तुला काय आठवतं?' एवढंच विचारा. त्याचं संपेपर्यंत मध्ये बोलू नका, मग तुमची नोंद वाचा. जुळलं नाही तर भांडू नका. तुमचं निळं तसंच राहू द्या आणि त्याचं खाली हिरव्या शाईत लिहा.