ग्रोथ फॅक्टर रिसेप्टरवर संशोधन करणाऱ्यांचा कॅन्सरच्या पेशंटला खरंच काही उपयोग होतो का, की नुसते पेपर छापले जातात?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की नात्यातली एक मुलगी याच विषयात पीएचडी करते, पाच वर्षं झाली, 'अजून शिकतेच आहे'. ते वाचून मी जेवायचं ताट बाजूला ठेवलं आणि लिहायला बसले. हे वाक्य मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या घरात, प्रत्येक चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, गणपतीवरची फळा-पानांची माटोळी बांधता बांधता ऐकलेलं आहे. बोलणारे माझे काका.

उपयोग होतो. माझ्या आत्याला झाला.

2014 सालची गोष्ट. मी पुण्यात पीएचडी करत होते. माझा विषय हर-टू रिसेप्टर, पेशीच्या पृष्ठभागावरचं निरोप घेणारं एक प्रोटीन. पेशीच्या बाहेरून वाढीचा निरोप आला की ईजीएफआरसारखा (हर-टूचा भाऊबंद) रिसेप्टर तो आत पोचवतो, मग पेशी त्या रिसेप्टरलाच गिळते आणि मोडीत काढते, म्हणजे निरोप थांबतो. हर-टू सहजासहजी गिळला जात नाही, पृष्ठभागावरच राहतो. का राहतो, एवढ्याच प्रश्नावर माझी वर्षं चालली होती. रोज 37 अंशांच्या इन्क्युबेटरमधून एसके-बीआर-3 नावाच्या पेशी काढायच्या, त्यांचं खाद्य बदलायचं, प्रोटीन काढून ते किती आहे हे बघायला ब्लॉट करायचे. या पेशी 1970 मध्ये अमेरिकेतल्या स्तनाच्या कॅन्सरच्या एका पेशंटकडून घेतलेल्या. ती बाई कोण होती ते मला माहीत नाही, पण तिच्या पेशी मी घरच्या माणसांपेक्षा जास्त पाहिल्या आहेत.

काजूचा हंगाम संपत आला होता तेव्हा आत्याला गाठ लागली. खरं तर तिला ती आधीच लागली होती, पण बोंडू गोळा करायला माणसं मिळत नव्हती म्हणून ती बोलली नाही. बोलली तेव्हा काका म्हणाले, "सुई लावू नका, सुई लागली की पसरतो." या एका वाक्यावर आमच्या घरात तीन आठवडे गेले. हे वाक्य गोव्यात, कोकणात, सगळीकडे फिरतं आणि ते चुकीचं आहे. स्तनाच्या गाठीची सुईने बायोप्सी केली म्हणून पेशंटचं आयुष्य कमी होत नाही. बायोप्सी न करता उपचार ठरवले तर मात्र होऊ शकतं. इथे मी मवाळ बोलणार नाही.

शेवटी ऑपरेशन झालं. रिपोर्ट आला, त्यात एका ओळीत होतं : हर-टू 2+. समजावून कोणी सांगितलं नाही. केमोच्या तारखा दिल्या आणि फिश तपासणीबद्दल (त्यात जीनच्या प्रती मोजतात) 'हवी असेल तर बाहेरून करा' म्हणाले. काका म्हणाले, "अजून किती तपासण्या? कापून काढलं ना?" आणि फोनवर मला, "बाय, तू उंदीर बघ, माणसांचं डॉक्टर बघतील."

मी उंदरांवर काम करत नव्हते, पण ते राहू दे. गाठीच्या पेशींवर हर-टू किती आहे ते 0 ते 3+ असं लिहितात. 2+ म्हणजे धड हो नाही, धड नाही नाही. 3+ असतं तर प्रश्नच नव्हता, 0 किंवा 1+ असतं तरी नव्हता. 2+ ला जीनच्या प्रती मोजाव्याच लागतात. मी रात्रीची बस पकडून घरी आले, सही करून आत्याच्या गाठीचा पॅराफिन ब्लॉक ताब्यात घेतला. गाठीचा भाग आत बसवलेला मेणाचा चौकोनी तुकडा, काड्यापेटीहून लहान. आत्याने तो लाडवांच्या स्टीलच्या डबीत कापूस घालून ठेवला, वर रुमाल बांधला, आणि मी थिवीला कोकणकन्येत बसले. ते मेण 55-60 अंशांशिवाय वितळत नाही हे मला पाठ होतं, तरी ठाण्यापर्यंत डबी मांडीवरच होती.

मुंबईतल्या लॅबमध्ये ओळखीने मला स्लाइड बघायला मिळाली. हर-टूचा जीन ज्याच्यावर असतो त्या सतराव्या क्रोमोसोमला हिरवा रंग, हर-टूच्या जीनला लाल. निरोगी पेशीत दोन हिरवे, दोन लाल. आत्याच्या पेशीत दोन-तीन हिरवे आणि लाल ठिपक्यांचे झुबके, मोजता न येणारे. माझ्या इन्क्युबेटरमधल्या पेशींचं चित्र असंच दिसतं, मी ते प्रेझेंटेशनमध्ये कितीदा दाखवलं होतं. त्या दिवशी मायक्रोस्कोपच्या स्टुलावरून मला उठता येईना.

हर-टू पॉझिटिव्ह म्हटल्यावर ट्रॅस्टुझुमॅब, हर-टूला अडवणारं औषध. दर तीन आठवड्यांनी, एक वर्ष. त्याचं भारतीय बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधासारखंच पण स्वस्त औषध, त्याच वर्षी बाजारात आलं होतं, त्याआधी कुपी आणखी महाग पडायची. तरीही काजूच्या बागेचा रस्त्याकडचा तुकडा विकावा लागला. आत्याने स्वतः विकला, तो तिचाच होता. काका त्या व्यवहाराला आले नाहीत.

आता 'नुसते पेपर' याबद्दल. स्टॅनली कोहेन यांनी उंदराच्या लाळग्रंथीचा अर्क नवजात पिल्लांना टोचला आणि पिल्लांचे डोळे वेळेआधी उघडले. त्यातून ईजीएफ, म्हणजे पेशींना वाढीचा निरोप देणारं प्रोटीन, सापडलं. 'पिल्लाचे डोळे लवकर उघडले, त्याचा माणसाला काय उपयोग?' असं तेव्हा काकांनी नक्की विचारलं असतं. त्या कामाला 1986 चं नोबेल मिळालं, रिटा लेव्ही-मॉन्टालचिनी यांच्याबरोबर. 1984 मध्ये दिसलं की कोंबड्यांना रक्ताचा कॅन्सर देणाऱ्या एका विषाणूतला जीन म्हणजे याच ईजीएफच्या रिसेप्टरचा मोडका तुकडा आहे : बाहेरचा भाग गेलेला, आतला भाग कायम चालू. हर-टू हा त्याच घराण्यातला. 1987 मध्ये डेनिस स्लेमन आणि सहकाऱ्यांनी 189 गाठी तपासल्या, तेव्हा ज्यांच्यात हा जीन वाढलेला त्यांचा आजार लवकर उलटतो असं दिसलं. 1998 मध्ये अमेरिकेत ट्रॅस्टुझुमॅबला मान्यता मिळाली. 2005 मध्ये ऑपरेशननंतर द्यायच्या चाचण्यांचे निकाल आले, आजार उलटण्याचा धोका जवळजवळ निम्मा झाला होता. यातला प्रत्येक दुवा कोणीतरी 'अजून शिकतच' असताना जोडलेला आहे, रात्री अकराला लॅबमध्ये प्रोटीन तपासायचं जेल लावणाऱ्या पोरापोरींनी.

काका अजून म्हणतात, "ती ऑपरेशनने बरी झाली, औषध नसतं दिलं तरी चाललं असतं." आत्या आज ठीक आहे, बागेत जाते. आणि मला मान्य करावं लागतं की एकट्या आत्याबद्दल काका चूक आहेत हे मी सिद्ध करू शकत नाही. ऑपरेशन आणि केमोवर बऱ्या राहणाऱ्या हर-टू पॉझिटिव्ह बायकाही असतात. एका माणसावरून औषधाचा गुण ठरत नाही, तो हजारोंच्या चाचणीत ठरतो. म्हणून मीही आत्याचं नाव पुरावा म्हणून घेत नाही, आणि काकांनीही घेऊ नये. एवढंच मी त्यांना दहा वर्षं सांगते आहे.

काही गोष्टी आधी लिहायला हव्या होत्या. स्तनाच्या कॅन्सरमध्ये हर-टू पॉझिटिव्ह साधारण 15 ते 20 टक्के असतात. सगळ्यांना हे औषध मागत बसू नका. हृदयावर परिणाम होऊ शकतो, अधूनमधून इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करावाच लागतो. आणि मी उपचार करणारी डॉक्टर नाही. तुमच्या घरात कोणाला असेल तर रिपोर्टमध्ये ईआर, पीआर (हे दोन हार्मोनचे रिसेप्टर), हर-टू या तीन ओळी शोधा. 2+ असेल तर पुढे काय हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय उठू नका. गाठ काढल्यावर फॉर्मेलिनमध्येच (ती टिकवणाऱ्या द्रावात) गेली ना हे विचारा, ब्लॉक कुठे आहे ते लिहून ठेवा. फुफ्फुसाचा कॅन्सर असेल, आणि माणूस कधी विडी-सिगारेट न ओढलेला असेल तर विशेषच, ईजीएफआरची तपासणी मागा; त्यात बदल सापडला तर गोळ्या आहेत.

त्या मुलीला या चवथीला 'कधी संपणार' असं पाहुण्यांसमोर विचारू नका. तिचा रिसेप्टर कोणता ते विचारा आणि तिला पाट द्या बसायला, कारण ती बराच वेळ सांगेल.